पाच आवाज, एक हजेरी

आमच्यावर दया करायला लोकांची रीघ लागली होती, त्या वर्षांतली ही गोष्ट. वऱ्हाडाचं नाव पेपरात रोज यायचं आणि कशासाठी यायचं ते मी सांगायला नको. गाड्या भरून माणसं यायची. पाण्याच्या बाटल्यांची खोकी सोबत आणायची, एखाद्या गावात पारावर उभं राहून फोटो काढायची आणि संध्याकाळी अमरावतीत एसीत बसून आमचं काय करावं यावर चर्चा करायची. अशाच कुठल्या तरी चर्चेत कोणाला तरी सुचलं, की इथल्या लेकीसुनांना घरबसल्या शिकवावं. ऑनलाइन. खेड्यात लोडशेडिंग असं की लाइट आली की माणसं हातातला घास टाकून मोटर सुरू करायला पळायची, आणि शिक्षण म्हणे ऑनलाइन! उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

मी तेव्हा अमरावतीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. वाचनकक्षाच्या मागच्या खोलीत दूरशिक्षणाचं केंद्र होतं आणि ग्रंथालयशास्त्राची पदविका शिकवायचं काम माझ्याकडे होतं. आधी रविवारी विद्यार्थी यायचे, मी शिकवायची, विषय संपला. मग एक दिवस विद्यापीठाची दोन माणसं आली आणि त्या खोलीत कॅमेरा, माइक, हेडफोन लावून गेली. म्हणाली, “मॅडम, आता तुम्ही इथून बोलायचं, सगळ्या गावांत ऐकू जाईल.”

मी म्हटलं, “बाप्पा! मले तं आजवर ‘बोलू नका’ म्हनाचाच पगार भेटला.”

ते हसले नाहीत. पुण्याकडचे असावेत.

पहिला महिना “ऐकू येऊन राहिलं का?” एवढ्यातच गेला. मी विचारायची, तिकडून कोणीतरी “हो” म्हणायचं, तोवर माझाच आवाज परत येऊन माझ्याच कानात घुसायचा. पण खरं सांगते, मला ते आवडायला लागलं. लायब्ररीत आयुष्य काढलेल्या बाईला बोलायची मोकळीक मिळाली की ती काय सोडते? पडद्यावर कॅटलॉग उघडायचा, बाण फिरवत दाखवायचं, पुस्तक कसं शोधायचं, नंबर कसा लावायचा. लिहिताना मी ‘मला’ लिहिते, बोलताना ‘मले’ बोलते. वर्गातही तसंच बोलायची. वरून निरोप आला, की प्रमाण भाषेत बोला, रेकॉर्डिंग होतं. मी एक दिवस बोलून पाहिलं. त्या दिवशी कोणीच काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मी आपली मूळपदावर आले आणि पोरींची तोंडं उघडली.

हजेरी मी गावाच्या नावानं घ्यायची. “वरूड?” म्हटलं की ट्रकच्या हॉर्नमधून “हाजिर” यायचं. ती बाई भावाच्या संत्र्याच्या पॅकिंगच्या शेडमधल्या ऑफिसात बसायची. आणि “बार्शीटाकळी?” म्हटलं की पाच आवाज यायचे, एकामागून एक. पाचवा नेहमी थोडा उशिरा आणि सगळ्यांत मोठा. पडद्यावर मात्र बार्शीटाकळीचं नाव एकच असायचं.

ते नाव वहिनीचं. सगळ्या तिला वहिनीच म्हणायच्या. तिथल्या जुन्या शेतकरी घरातली ती सून. काळी जमीन, मोठं घर, दिवाणखान्यात कॉम्प्युटर आणि मुख्य म्हणजे इन्व्हर्टर. लाइट गेली तरी त्या घरचा कॉम्प्युटर चालायचा, गावातला दुसरा कुठलाच चालायचा नाही. म्हणून बाकीच्या चौघी तिच्याकडे यायच्या. मशीन एका वेळी एकाच नावाने उघडायचं. मग नाव कोणाचं टाकायचं? यावर त्यांच्यात चर्चासुद्धा झाली नसणार. घर जिचं, मान तिचा. लग्नात आहेर लिहिताना नाही का, घरात खंडीभर माणसं असली तरी नाव मोठ्या माणसाचंच लिहितात आणि सगळ्यांचा आहेर पोचला असं धरतात? मोठ्या घरी पाहुणं म्हणून बसायचं आणि तिथं आपलं नाव पुढं करायचं, हे आमच्याकडे कोणी करत नाही. केलं तर म्हणतात, पोरगी भारीच शेफारली.

वर्ग चालू असताना वहिनी चहा करायची, मध्येच शेतावरून माणूस आला की उठून जायची. वाईट नव्हती. तिला त्या विषयात गम्य नव्हतं एवढंच.

आणि तो पाचवा आवाज. ती पुस्तकं बांधणाऱ्याची मुलगी. तिचे अब्बा शाळेची, वाचनालयाची फाटकी पुस्तकं घरी आणून शिवून, खळ लावून, पुठ्ठा चढवून द्यायचे. पुस्तक शिकंज्यात दाबून सुकायला ठेवायच्या आधी पोरगी ते वाचून काढायची. अर्धं गाव वाचनालयात जाऊन शिकलं, ही घरी बसून शिकली. तिला मुळीच संकोच नव्हता. मला अडवायची, भांडायची, मध्येच हिंदीत घुसायची आणि परत वऱ्हाडीत यायची.

एकदा मी विचारलं, “कापसावरचं पुस्तक आलं. कुठी ठेवसाल? शेतीत, कापडात का व्यापारात?”

चौघींनी एकेक उत्तर दिलं. पाचवी म्हणाली, “मॅडम, आधी हे सांगा, थे पुस्तक मांगाले कोन येईन?”

“थ्यानं काय होते?”

“वा! वावरवाला येईन तं शेतीत ठेवा. थ्यो बिचारा कापडाच्या कपाटाकडं कायले जाईन? जिथून मानूस येते तिथी पुस्तक ठेवाचं. नाही तं नंबर कोनासाठी लावून राहिलो आपन, कपाटासाठी?”

मी म्हटलं, “माय, तू तं पास झाली.”

“आत्ताच नका करू मॅडम, परीक्षेची फीस भरली हाये,” ती म्हणाली आणि तिकडे पाची जणी खिदळल्या. हेडफोनमधून कान फुटायची वेळ आली.

तिला काय पाहिजे होतं हे ती लपवत नसे. बार्शीटाकळीच्या शाळेतले ग्रंथपाल त्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होते. जागा अर्धवेळ, पण जागा होती. संस्थेला पदविका झालेलं गावातलंच माणूस हवं होतं. अब्बांसोबत पुस्तकांचे गठ्ठे घेऊन ती लहानपणापासून त्या लायब्ररीत जायची आणि दारातच थांबायची. मला एकदा म्हणाली, “मॅडम, मले आत बसाचं हाये. थ्या खुर्चीवर. बाकी मले काई नाई पाहिजे.” घरी तिच्या लग्नाचं पाहत होते. अब्बांनी तिला तेवढ्या परीक्षेपर्यंत सवलत दिली होती. जागा मिळाली तर ती गावातच राहणार, नाही तर जिथं देतील तिथं जाणार. एवढं साधं होतं.

वर्ग संपले. मी माझ्या हातानं हजेरीचा अहवाल पाठवला, बार्शीटाकळीच्या पाची जणींची नावं घालून, जशी दर महिन्याला पाठवत होते. कोणी हूं की चूं केलं नव्हतं. आणि परीक्षा तोंडावर आली तेव्हा विद्यापीठाचं परिपत्रक आलं, की यापुढं हजेरी सिस्टिममधून घेतली जाईल, तिथं हजेरी नसेल त्याला परीक्षेला बसता येणार नाही, आणि हा नियम याच वर्षाला लागू. वर्ग होऊन गेल्यावर हजेरीचा नियम! वरातीमागून घोडं. सिस्टिममध्ये बार्शीटाकळीची हजेरी एकीची होती. वहिनीची. पुरी. एक दिवस खाडा नाही. बाकीच्या चौघी वर्षभरात एकदाही आल्या नव्हत्या.

मला हसू आलं, खोटं कशाला सांगू. मला वाटलं, हे चुकून झालं, सांगितलं की होईल दुरुस्त. रेकॉर्डिंग पडलेलंच होतं. ते पेन ड्राइव्हवर घेतलं आणि विभागीय कार्यालयात गेले.

तिथला अधिकारी आमच्याच भागातला. दर्यापूरकडे त्याचं गाव. पण खुर्चीत बसला की जिभेला इस्त्री मारून बोलायचा. मी रेकॉर्डिंग लावलं. “बार्शीटाकळी?” आणि पाच वेळा “हाजिर”. कापसाचा तो वाद लावला. तो ऐकत होता, मध्ये थोडा हसलादेखील. मला वाटलं, झालं काम.

मग तो म्हणाला, “मॅडम, आवाजाला नोंदणी क्रमांक नसतो.”

मी म्हटलं, “मानसाले तं असते न? मी ओळखते न हिले.”

“तुम्ही ओळखता. सिस्टिम ओळखत नाही.”

“सिस्टिम तिले शिकवाले आली होती का? मी शिकवलं.”

“आणखी एक सांगतो,” तो म्हणाला, आणि आता त्याचा आवाज जरा खाली आला. “तुम्ही हे लेखी दिलं की एका नावावर पाच जणी बसत होत्या, तर तो लॉगिनचा गैरवापर होतो. मग जी एक परीक्षेला बसतेय, तिचंही रद्द करावं लागेल. बघा बुवा तुम्ही.”

गैरवापर! बायांनी एका सतरंजीवर बसून अभ्यास केला, त्याला हा शब्द. माझ्या तोंडात शिवी आली होती. ग्रंथपाल होते म्हणून गिळली. त्याच्या टेबलावर आमच्याच भागाच्या विकासाचा रंगीत अहवाल होता. मुखपृष्ठावर डोक्यावर पदर घेतलेली बाई, समोर कॉम्प्युटर. बाईचं तोंड दिसत नव्हतं.

मी दुसऱ्याच दिवशी निघाले. अकोल्याला उतरून बार्शीटाकळीची गाडी धरली. ज्या घरात वर्षभर माझा आवाज जात होता, तिथं मी पहिल्यांदा पाऊल टाकत होते. कॉम्प्युटरवर भरतकाम केलेलं कापड झाकलेलं होतं. त्याच्या बाजूला सोयाबीनची पोती रचलेली, आणि ती का विकली नव्हती हे भिंतीला टेकून बसलेल्या वहिनीच्या नवऱ्याचं तोंडच सांगत होतं. आधी कापसानं दगा दिला, मग सोयाबीननं. मोठं घर मोठ्यानं खाली बसतं. वहिनीनं निरोप पाठवून पुस्तकवाल्याच्या मुलीला बोलावून घेतलं. ती आली, दुपट्ट्याला खळ लागलेली. आवाजावरून मी तिला धिप्पाड समजत होते. होती एवढीशी.

मी अधिकाऱ्याचं म्हणणं सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. मग वहिनीला म्हटलं, “तुमी एवढं लिहून द्या, का पाची जनी रोज इथी बसत होतो. मी पुढं भांडते. कुलगुरूंपर्यंत जाते. रद्द करतो म्हनते, पाहू कसा करते. पाची जनींचं म्हननं एक असलं तं त्याले ऐकाच लागन.”

वहिनीनं नवऱ्याकडं पाहिलं. नवऱ्यानं पोत्यांकडं. मग ती म्हणाली, “मॅडम, आनं माह्यंबी गेलं तं?”

तिचं खोटं नव्हतं. जाऊ शकलं असतं.

मी त्या मुलीकडं वळले. वर्षभर जिनं मला एक वाक्य धड पुरं करू दिलं नाही, ती आता काहीतरी बोलेल म्हणून वाट पाहत राहिले. मला वाटत होतं, तिनं भांडावं. आकांडतांडव करावं. म्हणावं, वहिनी, तुमी चहा करत होत्या, उत्तरं मी देत होती. सगळ्या गावाला माहीत होतं ते. तिच्या हक्काचं होतं.

ती म्हणाली, “ऱ्हाऊ द्या न, मॅडम.”

“काय ऱ्हाऊ द्या?”

“वहिनीचं काहून खराब करता? थ्यायनं आमाले घरात बसू देल्लं, चहा पाजला, वर्षभर इन्व्हर्टर जाळलं. थ्यायच्या घरचं खाऊन थ्यायच्याच नावानं तक्रार कराची? अब्बा मले घरात घेनार नाई.” मग जरा हसून, “छोडो न. पुढल्या साली पाहू.”

पुढल्या साली! जागा या साली भरणार होती. तिलाही ठाऊक होतं, मलाही आणि वहिनीलाही. चहा आला, तो घेतला. मला त्या मुलीचा असा राग आला होता, की तिच्या पाठीवरून हात फिरवायचंही माझ्या मनात आलं नाही. मरो ते तुमचं वळण आणि मरो ती तुमची रीत, असं मनात म्हणत मी गाडीत बसले. अमरावती येईपर्यंत तेच म्हणत होते.

मी तरी भांडले. तिघा वरिष्ठांना भेटले, वहिनीचं नाव न घेता, गावाचं नाव न घेता, अशी आडून आडून. तसं आडून काही होत नसतं. प्रत्येकानं ऐकून घेतलं आणि पुढच्या वर्षी सिस्टिम सुधारणार असल्याचं सांगितलं.

वहिनी पास झाली. लेखी पेपरात कशीबशी, पण हजेरीचे गुण पूर्ण. जागा तिला मिळाली. अजून कोणाला मिळणार होती? गावात पदविका झालेलं तेवढं एकच माणूस होतं. ज्याच्या हाती ससा तो पारधी. तिनं मला पेढे पाठवले. मी ते वाचनकक्षातल्या पोरांना वाटून टाकले, स्वतः तोंडात घातला नाही. ती चोर आहे असं मी आजही म्हणणार नाही. तिला पगाराची गरज होती, घर बसलं होतं. पण गरज होती म्हणून घेतलेली वस्तू आपली होते का? झाली. तिची झाली.

आमच्या केंद्राचं मात्र कौतुक झालं. दुर्गम भागात ऑनलाइन शिक्षणाचा यशस्वी प्रयोग म्हणून मुंबईहून मंडळी आली. त्यांनी वहिनीची मुलाखत घेतली. मला म्हणाले, तुम्ही चार शब्द बोला. मी म्हटलं, माझा घसा बसला, आणि पुस्तकं लावायला निघून गेले.

पुस्तकवाल्याच्या मुलीचं मला इकडून तिकडून कळत राहिलं. जमलेलं लग्न मोडलं म्हणे, किंवा पुढं ढकललं, नक्की काय ते कोणी सांगेना. पुढल्या साली तिनं प्रवेश घेतला नाही. मी निरोप पाठवला, उत्तर आलं नाही. पुढल्या वर्गात “बार्शीटाकळी?” म्हणायचं काम पडलं नाही. तरी जीभ वळायची. मग मी पुढच्या गावाचं नाव घ्यायची.

दिवाळी उलटून गेली होती. एका दुपारी लायब्ररीत फोन वाजला. वहिनी होती.

“मॅडम, तुमाले तरास देऊन राहिली. इथी एक पुस्तक आलं हाये, विहिरीवरचं. आनं हे कॉम्प्युटर नंबर मांगून राहिलं. याले पान्यात टाकाचं का बांधकामात?”

मी म्हटलं, “थांबा, आधी अनुक्रमणिका उघडा आनं मले…”

माझं वाक्य पुरं झालं नाही. तिच्या मागून, अगदी जवळून आवाज आला, “शेतीत टाका न, वहिनी. विहिरीचं पुस्तक मांगाले कोन येते? ज्याचं वावर हाये थोच येते.” आणि मागोमाग पुठ्ठ्यावर मूठ आपटावी तसा धप्प धप्प आवाज.

वर्षभर तो आवाज मी हेडफोनमधून ऐकला होता. हजारांत ओळखला असता. म्हणजे ती आत बसली होती. त्याच लायब्ररीत. खुर्चीच्या बाजूला, खाली कुठंतरी, फाटकी पुस्तकं मांडीवर घेऊन.

“कोन हाये थे तिथी?” मी विचारलं. “वहिनी, कोन बोललं आता?”

मागचा धप्प धप्प आवाज थांबला. मी वाट पाहत होते, की आता तरी येईल. उशिरा का होईना, सगळ्यांत मोठ्यानं, “हाजिर मॅडम” येईल.

“कोनी नाई, मॅडम,” वहिनी म्हणाली. “मी एकटीच हाये.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ओरडावं वाटलं, की फोन दे तिच्याकडं. पण वाचनकक्षात पोरं मान खाली घालून बसली होती, आणि तिथं आवाज करायचा नाही हे मीच त्यांना शिकवलं होतं.

“शेतीत ठेवा,” मी म्हटलं आणि फोन ठेवून दिला.